मोशे हाइम लुझातो: रब्बी, कवी आणि नाटककार. वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ज्यू परंपरेबद्दल वाचताना लुझातो हे नाव तीन वेगवेगळ्या वाटांनी समोर येतं. कुणाला ते नीतिग्रंथाचे लेखक म्हणून भेटतात, कुणाला गूढवादी म्हणून, तर कुणाला हिब्रू नाटककार म्हणून. हे तिघं एकच गृहस्थ, आणि तेही चाळिशीच्या आत गेलेले, हे कळलं की माणूस थबकतो. त्यानंतर जे प्रश्न हमखास येतात त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत.

थोडक्यात, लुझातो कोण होते?

जन्म १७०७ साली, इटलीतल्या पदुआ शहरात. मृत्यू १७४६ साली, भूमध्य समुद्राकाठच्या अक्को गावी, प्लेगच्या साथीत. आयुष्य ३९ वर्षांचं. तेवढ्यात त्यांनी तीन हिब्रू नाटकं, ढीगभर कविता, अलंकारशास्त्र आणि तर्कशास्त्र यांवरची पुस्तकं आणि कबाला, म्हणजे ज्यू गूढविद्येवरचे कितीतरी ग्रंथ लिहिले. ‘मेसिल्लत येशारीम’ हा त्यांचा छोटा नीतिग्रंथ तर आजही जगभरच्या येशिवांमध्ये, म्हणजे ज्यू धर्मपाठशाळांमध्ये, नेमानं वाचला जातो.

‘रमहल’ म्हणतात ते हेच का?

हो. ज्यू परंपरेत मोठ्या विद्वानांना त्यांच्या नावातल्या आद्याक्षरांनी ओळखतात. रब्बी, मोशे, हाइम, लुझातो ही अक्षरं जोडली की रमहल होतं. येशिवातला विद्यार्थी ‘लुझातो’ क्वचितच म्हणेल, आणि हिब्रू कवितेचा अभ्यासक ‘रमहल’ क्वचितच. नुसतं नाव कोणतं वापरलं यावरून समोरचा माणूस कुठल्या दारानं आत आला ते ओळखता येतं.

रब्बी म्हणजे पुजारी ना?

नाही, आणि ही गफलत फार जणांची होते. रब्बी म्हणजे शिक्षक, धर्मशास्त्राचा जाणकार. जेरुसलेमचं मंदिर इ.स. ७० मध्ये रोमनांनी पाडलं आणि त्याबरोबर यज्ञबलीचं पुरोहितपण संपलं. समाजाची घडी पुढे पाठ करणाऱ्यांनी आणि शिकवणाऱ्यांनी राखली. लुझातोंनी एखाद्या मंडळीचं अधिकृत रब्बीपद सांभाळलं नाही. ते शिकवत, लिहीत, भोवती शिष्य जमत.

आपल्याकडचं उदाहरण द्यायचं तर कोकणातले बेने इस्राएल पिढ्यानपिढ्या रब्बींशिवाय राहिले. लग्न लावायला, तंटे सोडवायला त्यांच्यात काझी असत आणि सिनेगॉगमध्ये प्रार्थना चालवायला हज्जान. त्यामुळे ‘रब्बी’ हा शब्द मराठी ज्यू घरांतही तसा उशिराच रुळला.

त्यांचं पदुआ कसं होतं?

पदुआ तेव्हा व्हेनिसच्या प्रजासत्ताकात होतं. १६०३ सालापासून तिथल्या ज्यूंना गेट्टोत राहावं लागे: ठरलेल्या गल्ल्या, वेशीसारखे दरवाजे, रात्री ते बंद. त्याच शहरात एक विद्यापीठ होतं आणि तिथे ज्यू मुलांना वैद्यक शिकता येत असे. युरोपातल्या बहुतेक विद्यापीठांत तेव्हा ही सोय नव्हती. म्हणून पोलंड-लिथुआनियापासूनची ज्यू मुलं डॉक्टर व्हायला पदुआला येत.

लुझातो सुखवस्तू व्यापाऱ्याच्या घरातले. हिब्रू, तालमूद (प्राचीन रब्बींच्या धर्मचर्चांचा ग्रंथ), लॅटिन, इटालियन असं सगळं त्यांच्या शिक्षणात होतं. त्यांचे एक गुरू यित्झाक हाइम कांतारिनी रब्बीही होते आणि वैद्यही. दुसरे गुरू येशाया बस्सान. या बस्सानांचं नाव लक्षात ठेवा. पुढे शिष्यावर गदा आली तेव्हा मध्ये उभे राहिले ते हेच.

रब्बीनं नाटकं लिहिणं लोकांना खटकलं नाही?

जुन्या रब्बींना रंगभूमी मुळीच आवडत नसे. तालमुदात रोमन नाट्यगृहं आणि सर्कशी यांना नावं ठेवलेली आहेत, कारण तिथे मूर्तिपूजा होती, टवाळी होती आणि माणसं मरताना बघण्याची करमणूक होती. पण इटलीतल्या ज्यूंची गोष्ट निराळी झाली. मांतुआच्या लेओने दे सोम्मी यांनी १६ व्या शतकाच्या मध्यावर हिब्रूत चक्क विनोदी नाटक लिहिलं. उपलब्ध हिब्रू नाटकांत ते सगळ्यात जुनं मानतात. व्हेनिसचे रब्बी लेओने मोदेना (१५७१ ते १६४८) कविता लिहीत, नाटकांतही हात घालत. मोशे झकूतो हे तर नावाजलेले कबालापंडित. त्यांनी अब्राहामावर नाटक लिहिलं, आणि मेलेल्या पापी माणसाचा नरकातला प्रवास सांगणारं दीर्घ काव्यनाट्यही लिहिलं. ते १७१५ साली व्हेनिसमध्ये छापलं गेलं, तेव्हा लुझातो आठ वर्षांचे होते.

म्हणजे लुझातोंच्या गावात आणि काळात रब्बीनं कविता करणं हे जवळजवळ गृहीतच होतं. लग्न असो, मौंज म्हणता येईल असा बार मित्झ्वा असो की कुणाचा मृत्यू, चार जाणते हिब्रूत कविता रचणार, ती सुंदर कागदावर छापणार किंवा लिहून देणार. लुझातो हे आकाशातून पडले नाहीत. दीड-दोनशे वर्षं मशागत झालेल्या जमिनीत ते उगवले. त्यांच्या वेळी पीक मात्र असं आलं की आधीचं सगळं खुजं वाटावं.

त्यांनी लिहायला कधी सुरुवात केली?

१७२३ साली कांतारिनी वारले तेव्हा सोळा वर्षांच्या शिष्यानं त्यांच्यावर शोकगीत लिहिलं. लवकरच ‘लेशोन लिमुदीम’ हा हिब्रू वक्तृत्व आणि अलंकार यांवरचा ग्रंथ आला. तो १७२७ साली मांतुआत छापला गेला. एखाद्या विशीतल्या पोरानं भाषा कशी वापरावी यावर ग्रंथ लिहावा हे धाडसच. पण त्यात त्यानं जे दाखवलं ते धाडसापलीकडचं होतं: बायबलची हिब्रू, म्हणजे शास्त्री-पंडितांची कोटीबाज, उद्धरणांनी लदबदलेली हिब्रू नव्हे, तर यशया आणि ईयोब यांची स्वच्छ, ताठ हिब्रू, आजच्या भावनेसाठी पुरी पडते.

याच सुमाराचं त्यांचं पहिलं नाटक शमशोनावर आहे. मराठी बायबल वाचलेल्यांना शमशोन, दलीला आणि पलिष्टी आठवतील. त्यातले काही प्रवेश नमुना म्हणून या अलंकारग्रंथात दिले आहेत.

‘मिगदाल ओझ’ कशाबद्दल आहे?

नाव बायबलमधल्या नीतिसूत्रांतलं: परमेश्वराचं नाव हा बळकट बुरूज. नाटक १७२७ सालचं, बस्सानांच्या मुलाच्या लग्नात दिलेली भेट. गुरूच्या घरी लग्न, आणि शिष्य आहेर म्हणून पद्यनाटक आणतो!

इटलीत तेव्हा मेंढपाळांच्या प्रेमकथांची पद्यनाटकं लोकप्रिय होती. ग्वारिनीचं ‘इल पास्तोर फीदो’ त्यातलं सगळ्यात गाजलेलं. लुझातोंनी तो साचा उचलला आणि त्यात हिब्रू जीव ओतला. डोंगरावर एक बुरूज आहे, त्याचं दार कुणाला सापडत नाही. राजा दवंडी पिटतो, जो आत शिरेल त्याला माझी मुलगी शलोमित. शालोम नावाच्या तरुणाला वाट सापडते, पण बक्षिसाची त्याला कल्पनाच नसते. श्रेय लाटायला दुसराच पुढे येतो. मग मत्सर, खोटे आरोप, शलोमितवर मृत्युदंडाची वेळ, आणि तिच्या जागी मरायला तयार झालेला शालोम. शेवट अर्थात लग्नात.

वरवर ही मेंढपाळी प्रेमकथाच. पण आत जायची वाट लपलेली असलेला बुरूज, वाट सापडलेला निरिच्छ माणूस आणि श्रेय घ्यायला टपलेला भोंदू, ही चित्रं कबाला वाचणाऱ्याच्या डोक्यातून आलेली आहेत हे लपत नाही. हे नाटक शंभरावर वर्षं हस्तलिखितातच राहिलं. छापलं गेलं १८३७ साली, लाइपझिगमध्ये.

त्यांनी नवी स्तोत्रसंहिता लिहिली, हे खरं का?

खरं आहे. बायबलमधल्या स्तोत्रसंहितेत १५० स्तोत्रं आहेत, परंपरेनं ती दावीद राजाची मानतात. लुझातोंनी विशीच्या आसपास त्याच धर्तीवर स्वतःची १५० स्तोत्रं रचली. त्यांतली अगदी थोडी उरली आहेत. विरोधकांनी पुढे याचं भांडवल केलं: बघा, हा स्वतःला दावीदच्या जागी बसवतोय! मला विचाराल तर यात गर्वापेक्षा तालीम जास्त दिसते. ज्या भाषेत आईनं कधी अंगाई म्हटली नाही त्या भाषेत रडायला आणि गायला शिकायचं, तर सगळ्यात मोठ्या कवीच्या पावलावर दीडशे वेळा पाऊल ठेवून बघण्याहून चांगली शाळा कुठली?

‘मग्गीद’ म्हणजे काय?

मग्गीद म्हणजे सांगणारा. एखाद्या साधकाशी बोलणारा स्वर्गीय दूत. ही कल्पना लुझातोंची नव्हे. ‘शुल्हान आरूख’ ही सर्वमान्य धर्मसंहिता लिहिणारे योसेफ कारो यांनाही १६ व्या शतकात मग्गीद भेटत असे.

लुझातोंनी एका वृद्ध रब्बींना लिहिलेल्या पत्रात स्वतःच हे सांगितलं आहे. १७२७ साल, ज्यू पंचांगातल्या सीवान महिन्याची प्रतिपदा. ते ध्यानाला बसले असता डोळा लागला. जाग आली तर एक आवाज: पवित्र राजाची गुपितं उघड करायला मी खाली आलो आहे. अंगाला कापरं भरलं. मग धीर आला, आवाजानं एक रहस्य सांगितलं आणि तो थांबला. दुसऱ्या दिवशी त्याच वेळी खोलीत एकटं राहायची त्यांनी काळजी घेतली, आणि आवाज पुन्हा आला.

‘त्याच वेळी, एकटं’ हा तपशील मला फार खरा वाटतो. हा माणूस गोंधळलेला नाही, तो काटेकोर आहे. दूताच्या तोंडून ऐकलेलं ते आरामी भाषेत, झोहार या कबालाच्या मूळ ग्रंथाच्या शैलीत लिहून काढू लागले. झोहार म्हणजे त्या विद्येचं पीठ. तिथल्या भाषेत नवा ग्रंथ उतरतोय ही बातमीच स्फोटक होती.

मग एवढा गदारोळ कशामुळे झाला?

एका पत्रामुळे. विल्नाहून पदुआला वैद्यक शिकायला आलेला येकुतिएल गोर्डन नावाचा तरुण लुझातोंच्या मंडळात सामील झाला. गुरूवरच्या भक्तीनं त्यानं १७२९ साली बाहेरच्या रब्बींना कौतुकानं सगळं लिहून टाकलं: दूत येतो, रहस्यं सांगतो, ग्रंथ लिहून होतायत. पत्र फिरत फिरत हाम्बुर्गजवळच्या अल्तोना इथल्या मोशे हागीझ यांच्या हाती पडलं. हागीझ भडकले.

त्यांना निव्वळ दुष्ट ठरवून मोकळं होता येत नाही, कारण त्यांची भीती ताज्या जखमेची होती. १६६५-६६ साली शब्बताई झ्वी नावाच्या माणसानं आपण मसीहा, म्हणजे ज्यूंना वचन दिलेला तारणहार, असल्याचं जाहीर केलं होतं. लोकांनी घरंदारं विकली, बोचकी बांधली. आणि सुलतानासमोर उभं राहायची वेळ आली तेव्हा मसीहानं इस्लाम स्वीकारला. त्या धक्क्यातून ज्यू समाज सावरला नव्हता, त्याचे छुपे अनुयायी गावोगाव होते. अशात पदुआत बावीस वर्षांचा, अविवाहित मुलगा देवदूताचं लिहून घेतोय, आणि भोवती शिष्यांचं मंडळ झोहारचं अखंड पठण करतंय. रब्बींच्या काळजात धस्स झालं नसतं तरच नवल.

तरीही दुःख होतंच. लुझातो शब्बताईपंथी नव्हते, त्या पंथाच्या विरोधात त्यांनी स्वतः लिहिलं आहे. त्यांना भेटून, वाचून न्याय करणारे थोडे होते. दुरून दणादण पत्रं पाठवणारे पुष्कळ.

त्यांच्या लिखाणाचं काय झालं?

१७३० च्या जुलैत बस्सान मध्ये पडले आणि तोडगा निघाला. लुझातोंनी सही केली: मग्गीदच्या नावानं कबाला लिहिणार नाही, गुरूंना दाखवल्याशिवाय काही प्रसिद्ध करणार नाही. लिहिलेली हस्तलिखितं पेटीत बंद झाली आणि बस्सानांच्या ताब्यात गेली. विचार करा, तेवीस वर्षांचं वय, आणि आपण खरं मानलेलं सगळं आपल्याच हातानं पेटीत घालून द्यायचं. बस्सानांची जागाही सोपी नव्हती. शिष्याला वाचवायचं तर त्याच्याच वह्यांना कुलूप लावायचं.

पुढच्या वर्षी, १७३१ साली, मांतुआचे रब्बी दावीद फिन्झी यांच्या मुलीशी, त्झिप्पोराशी त्यांचं लग्न झालं. काही काळ शांत गेला. मग व्हेनिसच्या रब्बींशी नवी ठिणगी पडली. वर ज्यांचा उल्लेख आला त्या मोदेनांनी कबालेवर कडक टीका करणारा ग्रंथ लिहिलेला होता, लुझातोंनी त्याचं खंडन लिहायला घेतलं. मोदेना म्हणजे व्हेनिसची शान. प्रकरण पुन्हा पेटलं आणि व्हेनिसच्या रब्बींनी त्यांच्यावर बहिष्कार घातला.

१७३५ च्या सुरुवातीला ते अ‍ॅमस्टरडॅमला निघाले. वाटेत फ्रँकफुर्टला थांबले ते मदत मिळेल या आशेनं. तिथे रब्बी याकोव्ह पोपर्स यांनी त्यांच्याकडून आणखी कडक कबुली लिहून घेतली: आपली शिकवण चुकीची होती, आणि चाळिशी येईपर्यंत कबाला शिकवणार नाही. लिखाणाची पेटी मागवून घेण्यात आली. काही कागद जाळले, काही पुरले.

चाळिशीपर्यंत. ते वय त्यांना मिळालंच नाही.

अ‍ॅमस्टरडॅममध्ये पोटापाण्याचं काय?

तिथल्या पोर्तुगीज ज्यूंनी त्यांना मानानं ठेवून घेतलं. स्पेन-पोर्तुगालमधल्या धर्मछळातून निसटून आलेल्यांची ही वस्ती. त्यांनी १६७५ साली बांधलेलं भव्य सिनेगॉग आजही उभं आहे. पोटासाठी लुझातो भिंगं घासून गुळगुळीत करण्याचं काम करत असं सांगतात. बाकीचा वेळ अभ्यासाला, शिकवण्याला आणि लिहिण्याला.

त्यांची सगळ्यात पिकलेली पुस्तकं इथली. कुणी पत्र पाठवून हैराण करत नव्हतं, कबाला उघडपणे शिकवायची नव्हती, तेव्हा त्यांनी तीच दृष्टी साध्या भाषेत मांडली. बंदीमुळे लेखक खुंटतो असं आपण समजतो. इथे तो अधिक पारदर्शक झाला. म्हणून त्या बंदीचं समर्थन मात्र मी करणार नाही. जळालेल्या पानांत काय होतं ते आता कुणाला वाचता येणार आहे?

‘मेसिल्लत येशारीम’मध्ये असं काय आहे?

नावाचा अर्थ ‘सरळ माणसांची वाट’. १७४० साली अ‍ॅमस्टरडॅममध्ये छापलं गेलं, प्रकरणं २६. सुरुवातच अशी की इतर लेखकांना घाम फुटावा. लुझातो म्हणतात, लोकांना माहीत नाही ते शिकवायला मी हे लिहिलेलं नाही. त्यांना अगदी नीट माहीत असलेलंच आठवून द्यायला लिहिलंय. जे सगळ्यांना पटलेलं असतं, त्याचाच विसर सगळ्यांत जास्त पडतो.

पुढे तालमूदकालीन ऋषितुल्य पिन्हास बेन याईर यांची शिडी घेऊन ते एकेक पायरी उलगडतात: सावधपणा, तत्परता, निष्कलंकपणा, विरक्ती, शुद्धता, मग देवभक्ती, नम्रता, पापाचं भय आणि शेवटी पावित्र्य. प्रत्येक पायरीवर तीच तीन कामं: ती म्हणजे नक्की काय, ती अंगी कशी येते, आणि काय केल्यानं निसटते. नम्रतेच्या प्रकरणात नम्रतेचं ढोंग करणारी माणसं त्यांनी अशी पकडली आहेत की वाचणाऱ्याला आपला चेहरा दिसावा. हे नाटककाराचं काम आहे. पात्राच्या तोंडी खोटं वाक्य कसं घालायचं हे ज्याला येतं, त्यालाच स्वतःच्या मनातलं खोटं वाक्य ओळखू येतं.

आणखी एक गोष्ट. या ग्रंथाचं १७३८ सालचं आधीचं रूप हस्तलिखितात सापडलं आणि विसाव्या शतकाच्या अखेरीस छापलं गेलं. ते चक्क संवादात आहे, एक विद्वान आणि एक भक्त एकमेकांशी बोलतायत. त्यांच्या ‘दाआत तेवुनोत’ या ग्रंथातही बुद्धी आणि आत्मा यांचं बोलणं चालतं. तत्त्वज्ञ आणि कबालापंडित यांना समोरासमोर बसवणारा संवादही त्यांनी लिहिला. त्यांना विचार सुचायचा तोच दोन आवाजांत.

त्यांचं शेवटचं नाटक कोणतं?

‘ला-येशारीम तेहिल्ला’, १७४३, अ‍ॅमस्टरडॅम. शिष्य याकोव्ह दे शावेस याच्या लग्नासाठी लिहिलेलं. प्रती छापल्या फक्त ५०. नाव ३३ व्या स्तोत्रातलं: स्तुती सरळ माणसांनाच शोभते. आधीच्या नीतिग्रंथाच्या नावातले ‘येशारीम’ इथेही आहेत, हा योगायोग नव्हे.

पात्रं सगळी गुणदोषांची. संस्कृतातलं ‘प्रबोधचंद्रोदय’ माहीत असलेल्यांना हा प्रकार लगेच कळेल. हामोन म्हणजे जमाव. त्याची मुलगी तेहिल्ला, म्हणजे स्तुती. तिच्यासाठी योग्य वर योशेर, म्हणजे सरळपणा, एमेत उर्फ सत्याचा मुलगा. पण राहव, म्हणजे उर्मटपणा, तिच्यावर डोळा ठेवून आहे. त्याच्या दिमतीला तार्मित, म्हणजे कपट. योशेरच्या बाजूला सेखेल म्हणजे बुद्धी, आणि सावलानूत म्हणजे धीर. जमाव भुलतो, मुलगी चुकीच्या घरी जायची वेळ येते, मग उलगडा होतो.

आता हे कुणी लिहिलंय ते आठवा. ज्याला जमावानं आणि जमावाच्या पुढाऱ्यांनी दहा-बारा वर्षं पिळून काढलं त्यानं. स्तुती ही जमावाची लेक, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? तरी त्यानं हामोनला खलनायक केलेलं नाही. तो फसलेला बाप आहे, दुष्ट नाही. पन्नास प्रतींच्या लग्नभेटीत इतका मोठा मनाचा निवाडा दडवून ठेवलेला पाहिला की हात जोडावेसे वाटतात.

नाटकं रंगमंचावर होत असत का?

ती मुख्यतः वाचण्यासाठी, म्हणण्यासाठी होती. नाटकमंडळीसाठी नव्हेत. ओळींवर इटालियन पद्यनाटकांचा ठसा आहे: ११ आणि ७ अक्षरांच्या ओळी, मोठीमागून छोटी, श्वासासारख्या. ओवी-अभंगात वाढलेल्या कानाला अक्षरं मोजून चालणारी ही चाल परकी वाटू नये.

अक्कोला ते का गेले, आणि कबर कुठे आहे?

१७४३ साली बायकोमुलासह ते पवित्र भूमीला गेले. तिथे राहण्याची ओढ प्रत्येक श्रद्धावान ज्यूला असतेच, आणि कबाला शिकवायला वयाची अटही लवकरच संपणार होती. त्यांनी मुक्काम केला तो अक्कोला. ज्यू पंचांगातल्या २६ ईयार ५५०६, म्हणजे १६ मे १७४६, या दिवशी प्लेगनं ते, त्झिप्पोरा आणि मुलगा, तिघंही गेले. घर मिटलं.

तिबेरियासला रब्बी अकीवा यांच्या शेजारी त्यांची कबर दाखवतात आणि लोक तिथे दिवा लावायला जातात. अक्कोजवळच्या कफ्र यासीफचंही नाव घेतलं जातं. अक्कोच्या जुन्या शहरात त्यांच्या नावाचं एक लहानसं सिनेगॉग आहे.

नंतर लोकांनी त्यांना स्वीकारलं का?

स्वीकारलं, पण वाटून घेतलं. विल्नाचे महापंडित गाओन एलियाहू यांच्याबद्दल सांगतात, की लुझातो हयात असते तर मी त्यांच्याकडे शिकायला पायी गेलो असतो, असं ते म्हणत. १९ व्या शतकात लिथुआनियात रब्बी यिस्राएल सालांतेर यांनी मुसार, म्हणजे नैतिक शिस्तीची चळवळ उभी केली आणि ‘मेसिल्लत येशारीम’ तिचं पाठ्यपुस्तकच झालं. हासिदी, म्हणजे पूर्व युरोपातल्या ज्यू भक्तिपंथाच्या मंडळींनी गूढवादी लुझातो जवळ केले. ज्ञानोदयवाल्या, म्हणजे बुद्धिवादी सुधारणेच्या चळवळीतल्या ज्यू लेखकांनी नाटकं उचलली आणि मग्गीद गुपचूप बाजूला ठेवला. हिब्रू महाकवी बियालिक यांनी ‘पदुआचा तो तरुण’ म्हणून त्यांच्यावर लिहिलं. त्यांना मात्र हा माणूस अखंड हवा होता.

मलाही तोच हवा आहे. येशिवात नाटकांचं नाव निघत नाही आणि साहित्याच्या वर्गात पावित्र्याच्या पायऱ्या कुणी चढत नाही, यात दोन्हीकडचे वाचक अर्धे उपाशी राहतात.

त्यांना आधुनिक हिब्रू साहित्याचे जनक म्हणणं बरोबर आहे?

काही इतिहासकार म्हणतात, काही ती सुरुवात बर्लिनच्या ज्ञानोदयापासून धरतात. लुझातो स्वतःला आधुनिक बिधुनिक काही समजत नसत. पण भाषेपुरतं बोलायचं तर दावा मजबूत आहे.

लुझातो नावाचे आणखी लेखक दिसतात. ते कोण?

घराणंच मोठं. व्हेनिसचे रब्बी सिमोने लुझातो १७ व्या शतकातले. एफ्राइम लुझातो वैद्य आणि हिब्रू कवी. शमुएल दावीद लुझातो, म्हणजे ‘शदल’ (१८०० ते १८६५), पदुआच्या रब्बी महाविद्यालयात शिकवणारे थोर अभ्यासक. सुरुवातीची आद्याक्षरं पाहून घेतली की रमहल आणि शदल यांची गल्लत होत नाही.

एकच उतारा वाचायचा असेल तर?

‘मेसिल्लत येशारीम’चं तिसरं प्रकरण काढा. तिथे भूलभुलैयाची बाग आहे.

सरदार-दरकदारांच्या बागांत करमणुकीसाठी असे चक्रव्यूह असत. पदुआबाहेरच्या टेकड्यांत वल्सान्झिबिओला १७ व्या शतकातला असा एक अजून हिरवागार आहे. लुझातो म्हणतात: झाडं भिंतींसारखी उंच लावलेली, मधून पायवाटा, सगळ्या हुबेहूब एकमेकींसारख्या. पोहोचायचंय मधल्या मंडपात. काही वाटा तिथे नेतात, काही दूर नेतात, आणि चालणाऱ्याला त्यांतला फरक डोळ्यांनी कळूच शकत नाही, कारण त्याला दिसते ती फक्त समोरची हिरवी भिंत. पण जो आधीच मंडपात जाऊन उभा आहे त्याला वरून सगळ्या वाटा दिसतात. तो तिथून खाली चालणाऱ्यांना ओरडून सांगतो: ही वाट, हिच्यावरून या.

ज्याला त्याचं ऐकायचंय तो ऐकतो आणि वळतो. बाकीचे, आपल्याला दिसतंय त्याच बाजूला, चालत राहतात.